टी-शर्टचे २,७०० लिटर आणि रंगाच्या पाण्यातलं मीठ

प्रश्न असा आहे: "एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं असं सगळीकडे वाचतो. मग सुती सोडून पॉलिएस्टर वापरावं का? आणि 'सस्टेनेबल' म्हणून दुप्पट किमतीला विकतात ते कपडे घेण्यात काही अर्थ आहे का?"

आधी थोडक्यात सांगतो. आकडा खोटा नाही, पण त्यावरून लोक जे ठरवतात ते बहुतेक वेळा चुकतं. पाणी वाचवायचं म्हणून पॉलिएस्टरकडे पळू नका. लेबलांना अर्थ आहे, फक्त प्रत्येक लेबल वेगळ्याच गोष्टीची हमी देतं आणि दुकानात ते कोणी सांगत नाही. माझं शिक्षण टेक्सटाइल केमिस्ट्रीचं. उमेदीची वर्षं इचलकरंजी आणि तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यांत गेली, हल्ली अशाच प्रोसेस हाऊसच्या सांडपाण्याचं काम बघतो. त्यामुळे हे उत्तर शेतात थोडं थांबेल आणि रंगखात्यात जास्त रेंगाळेल.

२,७०० लिटरचा हिशोब आर्यन हुक्स्ट्रा, अशोक चापागाईं आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कापसाच्या पाण्यावरच्या अभ्यासातून आला. आकडेवारी १९९७ ते २००१ या काळातली आणि शर्ट २५० ग्रॅम वजनाचा धरलेला. जगाची सरासरी काढली तेव्हा या पाण्यातलं ४५ टक्के सिंचनाचं निघालं, म्हणजे नदी, कालवा, विहिरीतून उचललेलं. ४१ टक्के शेतावर पडलेल्या पावसाचं. उरलेलं १४ टक्के पाणी तर कोणी वापरलेलंच नाही. शेतातली खतं आणि कारखान्यातली रसायनं पाण्यात मिसळल्यावर ते प्रदूषण विरळ करायला किती पाणी लागलं असतं, त्याचा तो अंदाज आहे. तीन वेगवेगळ्या गोष्टींची एक बेरीज झाली, आणि ती बेरीजच पोस्टरवर गेली.

हाच हिशोब यवतमाळच्या कोरडवाहू कापसाला लावून बघा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. कापसाचं पीक हंगामभरात ढोबळमानाने ६०० मिलिमीटर पाणी पिऊन पानांतून हवेत सोडतं, म्हणजे हेक्टरी ६० लाख लिटर. रुई हातात येते हेक्टरी साधारण ३५० किलो. भागाकार केला की किलोमागे १७ हजार लिटर! आकडा बघून कोणीही म्हणेल की हा शेतकरी पाण्याची नासाडी करतोय. प्रत्यक्षात त्याने धरणाचा थेंब घेतलेला नाही. काळ्या जमिनीत मुरलेला पाऊस पिकाने घेतला, एवढंच. तिथे सोयाबीन किंवा तूर असती तर तिनेही तोच पाऊस प्यायला असता. उत्पादन कमी असल्यामुळे आकडा फुगतो. उद्या त्याच पावसात दुप्पट रुई आली तर आकडा निम्मा होईल, आणि पाण्याच्या बाबतीत जमिनीवर काहीही बदललेलं नसेल.

आता दुसरं टोक. सोव्हिएत राजवटीने १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वाळवंटातल्या कापसाकडे वळवलं आणि त्या काळी जगात चौथ्या क्रमांकावर असलेलं अरल हे सरोवर बघता बघता आटलं. उझबेकिस्तानातलं मुयनाक हे बंदर होतं. तिथली जहाजं आता वाळूत उभी आहेत. गंमत अशी की त्याच अभ्यासात उझबेकिस्तानच्या कापसाचं किलोमागचं पाणी भारताच्या जवळपास निम्मं दिसतं. नुसते लिटर मोजले तर अरल संपवणारा कापूस विदर्भाच्या कापसापेक्षा 'चांगला' ठरतो. म्हणून मी किती लिटर हे विचारत नाही. पाणी कुठलं, कोणाच्या वाटणीचं आणि वापरून झाल्यावर कोणत्या अवस्थेत परत गेलं, हे विचारतो. विदर्भाच्या कापसाचे प्रश्न वेगळेच आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तो प्रश्न पाण्याच्या कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

शेतातून रंगखात्यात येऊ. टी-शर्टच्या कापडाचा २५० किलोचा लॉट सॉफ्ट-फ्लो या रंगवायच्या मशीनमध्ये चढवला असं धरा. किलोला आठ लिटर या प्रमाणात मशीन एकदा भरलं की २,००० लिटर गेले. पहिलं पाणी स्कोअरिंग-ब्लीचिंगचं: कॉस्टिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून कापसावरचं मेण, सरकीच्या टरफलाचे कण आणि पिवळेपणा काढायचा. ते सोडून गरम धुणं, मग आम्ल घालून न्यूट्रल करणं आणि उरलेलं पेरॉक्साइड मारणं. त्यानंतर रंगाचं पाणी. ते सोडलं की गार धुणं, पुन्हा आम्ल, मग जवळजवळ उकळत्या पाण्यात सोपिंग, म्हणजे साबणाचं धुणं, मग गरम धुणं, शेड (रंगछटा) गडद असेल तर दुसरं सोपिंग, पुन्हा गरम, पुन्हा गार, शेवटी रंग पक्का करणारा फिक्सर आणि कापड मऊ करणारा सॉफ्टनर. दहा-बारा वेळा मशीन भरायचं आणि रिकामं करायचं. किलोमागे ८० ते १०० लिटर. जुन्या विंच मशीनवर किलोला वीस-वीस लिटरचं प्रमाण असतं, तिथे हिशोबच नको. पांढऱ्या कापडाचं काम मात्र चार-पाच पाण्यांत उरकतं.

म्हणजे २०० ग्रॅमच्या गडद टी-शर्टवर रंगखात्यात जास्तीत जास्त २० लिटर पाणी खर्च होतं. २,७०० पुढे २० म्हणजे काहीच नाही, असं म्हणून बरेच जण हा विषय इथेच सोडतात. मी इथूनच सुरू करतो, कारण त्या वीस लिटरचं पुढे काय होतं ते मी रोज बघतो.

सुती कापड रंगवायला आज जगभर मुख्यतः रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हे रंग कापसाच्या सेल्युलोजशी रासायनिक बंध करतात, म्हणून धुऊन लवकर जात नाहीत. अडचण दोन ठिकाणी येते. पाण्यात पडल्यावर कापसाच्या तंतूवर ऋण भार येतो आणि रंगाच्या रेणूवरही ऋणच भार असतो, त्यामुळे दोघे एकमेकांना लांब ढकलतात. रंगाला तंतूकडे लोटायला मीठ घालावं लागतं. साधं मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट), गडद शेडला लिटरमागे ८० ग्रॅमपर्यंत. आपल्या २५० किलोच्या लॉटला २,००० लिटर पाण्यात १६० किलो मीठ! किलोभर कापडाला सहाशे ग्रॅमहून जास्त. हे मीठ कापडात राहत नाही. त्याचं काम फक्त रंगाला ढकलण्याचं. ते झालं की सगळंच्या सगळं मोरीत जातं, वर सोडा ॲश वेगळा.

दुसरी अडचण अशी की रंग कापसाशी बंध करतो तसाच पाण्याशीही करतो. पाण्याशी झालेला रंग मेलेला. तो आता कापसाला चिकटणार नाही, पण तंतूत अडकून मात्र बसतो. साधारणपणे शंभरातला वीस ते तीस भाग असा वाया जातो, काही रंगांत त्याहूनही जास्त. फिरोजी हा त्यातला सगळ्यात त्रासदायक, आणि त्याच्या रेणूत तांबंही असतं. काळ्याला मुळात रंगच इतका लागतो की वाया जाणारा भागही मोठा. हा अडकलेला मेलेला रंग काढायलाच ती सोपिंगं आणि धुणी असतात. रंगवायला एक पाणी आणि न लागलेला रंग काढायला सहा-सात पाणी, असा हा धंदा आहे.

आता हे सगळं पाणी एकत्र येऊन ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात गेलं. रंग, स्टार्च, साबण यांचा बराचसा भाग चुना-फेरस घालून खाली बसवता येतो, जिवाणूंकडून खाववता येतो. मीठ तसं जात नाही. भाजीत जास्त पडलेलं मीठ जसं गाळून काढता येत नाही, तसंच हे. केंद्रातून बाहेर पडणारं पाणी दिसायला स्वच्छ असतं, वासही नसतो, पण त्यात विरघळलेले क्षार, ज्याला आम्ही टीडीएस म्हणतो, लिटरमागे सहा-आठ हजार मिलिग्रॅम असू शकतात. नदी-नाल्यात सोडायची मर्यादा २,१०० आहे. प्रामाणिकपणे चालवलेलं साधं ईटीपीसुद्धा ही मर्यादा गाठू शकत नाही. तो यंत्रणेचा दोष नाही, मिठाचा स्वभाव आहे. असं पाणी वर्षानुवर्षं काळ्या जमिनीला पाजलं की सोडियम मातीला धरून बसतो, माती फुगते, तिचा निचरा बंद होतो.

आता इचलकरंजीजवळून वाहणाऱ्या पंचगंगेचं नाव निघणारच. नदी काळी दिसली की सगळा ठपका इचलकरंजीच्या प्रोसेसवाल्यांवर ठेवायची रीत आहे. ते निर्दोष आहेत असं मी म्हणणार नाही. पण नदीत कोल्हापूरसह काठच्या गावांचं मैलापाणी येतं, साखर कारखान्यांचं येतं, उसाच्या रानातली खतं येतात. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती हिपॅटायटिस-ई ची, म्हणजे पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याची, रंगाची नव्हे. शिरोळच्या क्षारपड जमिनींचं मोठं कारणही उसाला पाटाने दिलेलं अमाप पाणी हेच आहे. कोणाचा वाटा किती हे वेगळं मोजल्याशिवाय नदी सुधारत नाही. एकाला गुन्हेगार ठरवलं की बाकीच्यांना मोकळीक मिळते.

मिठाचं काय होतं हे बघायचं असेल तर तिरुपूर बघावं. नोय्याल नदीवर ओरथुपालयम इथे १९९० च्या सुमारास धरण बांधलं ते शेतीला पाणी द्यायला. वरच्या अंगाला तिरुपूरची निर्यात वाढत गेली, आणि ते धरण रंगाच्या खारट पाण्याचं तळं झालं. शेवटी खालच्या शेतकऱ्यांनीच पाणी सोडू नका म्हणून कोर्टाची पायरी चढली. धरणातून पाणी नको अशी मागणी शेतकऱ्यांना करावी लागते, यातच काय ते समजा. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक डाईंग युनिट बंद करायला लावली. कारखान्याबाहेर थेंबही सोडायचा नाही, या अटीवर ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

थेंबही न सोडण्याची यंत्रणा अशी चालते: आधी नेहमीची प्रक्रिया, मग आरओ. आरओमधून बहुतेक पाणी परत वापरण्याजोगं मिळतं. उरतं ते अतिखारट पाणी, ते बाष्पीभवन यंत्रात वाफेवर आटवायचं. त्यातून मिळणारं मिठाचं द्रावण काही ठिकाणी पुन्हा रंगात वापरतात, ही तिरुपूरची खरी कमाई. पण सगळं मीठ शुद्ध निघत नाही. रंग आणि गाळ मिसळलेलं मीठ पोत्यांत भरून छपराखाली रचावं लागतं, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. शिवाय पाणी आटवायला बॉयलरमध्ये लाकूड नाहीतर कोळसा जाळावा लागतो. नदी वाचली, धुराडं वाढलं. या यंत्रणेला माझा विरोध नाही, तिरुपूरला दुसरा मार्ग उरला नव्हता. पण १६० किलो मीठ आधी विरघळवायचं आणि मग ते परत काढायला जळण जाळायचं, याला शहाणपणा म्हणवत नाही. मीठ पहिल्यापासूनच कमी पडावं.

ते शक्य आहे का? आहे, आणि त्यात नवीन काही नाही. कोल्ड पॅड बॅच ही पद्धत कित्येक दशकं जुनी आहे. कापड रंग आणि अल्कलीच्या द्रावणात बुडवून रोलरमधून पिळायचं, गुंडाळायचं, वरून प्लास्टिक लपेटायचं आणि रोल बारा-चोवीस तास सावकाश फिरवत ठेवायचा. मीठ शून्य. वाफही लागत नाही. रंगाचा जास्त भाग कापसाला चिकटतो, त्यामुळे धुणं कमी. मग सगळे हेच का करत नाहीत? कारण या पद्धतीला एका शेडचा लांब लॉट लागतो आणि वेळ लागतो. आजच्या फॅशनची ऑर्डर येते ती बारा शेड, प्रत्येकी थोडं थोडं कापड, आणि माल पुढच्या आठवड्यात. एवढ्याशा कापडासाठी पॅडर, म्हणजे ते बुडवायचं-पिळायचं यंत्र साफ करून नवा रंग भरणं परवडत नाही. मग लॉट जातो मशीनमध्ये, मिठाच्या पाण्यात. दोन शेडच्या मध्ये मशीन धुवायला लागतं, ते पाणी तर कुठल्याच कापडाच्या नावावर पडत नाही. 'फास्ट फॅशन'मुळे कपडे लवकर फेकले जातात हे सगळे बोलतात. ती घाई रंगखात्यातली चांगली पद्धत मारून टाकते, हे कमी जणांना माहीत असतं.

तसंच शेड न लागण्याचं. लॅब डिपला, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेल्या छोट्या नमुन्याला मंजूर झालेला रंग मशीनवर थोडा लाल मारला, की परत ॲडिशन, म्हणजे वरून आणखी रंग घालणं. तरी नाही जमला तर स्ट्रिपिंग, म्हणजे चढवलेला रंग उतरवून पहिल्यापासून सगळं. पाणी, मीठ, वाफ दुप्पट. डोळ्याला फरक दिसणार नाही एवढ्यासाठी लॉट परत पाठवणारे खरेदीदार मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याच संकेतस्थळावर पाणी वाचवण्याचं वेगळं पान असतं. माझ्या मते पहिल्या खेपेला शेड लागणं ही पाणीबचतीची सगळ्यात स्वस्त युक्ती. त्याखालोखाल मशीनवर पाण्याचा मीटर. खात्यात मीटर नसला की मास्तरला विचारलं तर प्रत्येक जण कागदावरचं प्रमाण सांगतो, आणि मशीनच्या तळाशी ओव्हरफ्लोचा व्हॉल्व्ह सबंध पाळी उघडा असतो. मीटर बसला की पहिल्याच महिन्यात काहीही नवीन यंत्र न घेता पाणी खाली येतं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं. पेरॉक्साइड मारायला दोन धुण्यांऐवजी एन्झाइम वापरणं, शेवटच्या धुण्याचं स्वच्छ पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला घेणं, रंगाचं खारट पाणी आणि धुण्याचं फिकं पाणी वेगळ्या गटारांतून नेणं, ही कामं प्लंबरची आहेत. त्यांवर पुरस्कार मिळत नाहीत.

पाणी आणायचं कुठून, यालाही एक चांगलं उदाहरण आहे. सुरत महापालिका २०१४ पासून बमरोलीच्या केंद्रात शहराचं मैलापाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून पांडेसराच्या कापड प्रक्रिया कारखान्यांना विकते, दिवसाला चार कोटी लिटर क्षमतेने. पिण्याच्या पाण्याला हात न लावता. इचलकरंजीत पिण्याच्या पाण्याच्या योजनेवरून दूधगंगा काठची माणसं आणि शहरातली माणसं समोरासमोर उभी राहिली. तिथे कारखान्यांना मैलापाणी शुद्ध करून देणं हा विषय कधीच ऐरणीवर यायला हवा होता.

आता पॉलिएस्टर. पाण्याच्या बाबतीत त्याची बाजू खरोखर भक्कम आहे. शेत नाही, रंगवताना मीठ नाही, १३० अंशांवर दाबाखाली रंग तंतूत शिरतो आणि धुणी कमी लागतात. पण तो खनिज तेलातून येतो, धुताना बारीक तंतू सोडतो आणि ते तंतू कुजत नाहीत. शिवाय आपल्या घामाच्या हवेत त्याला वास लवकर लागतो, म्हणून तो जास्त वेळा धुवावा लागतो. 'रिसायकल्ड पॉलिएस्टर' बहुतेक पाण्याच्या बाटल्यांपासून होतं. बाटलीची बाटली पुन्हा होऊ शकत होती, तिचा टी-शर्ट झाला की तिथून पुढे सहसा कचराच. म्हणून रेनकोट, ट्रॅकसूट, पिशवी यांना पॉलिएस्टर जरूर घ्या. रोज अंगाला लागणाऱ्या कपड्यासाठी पाण्याचं कारण पुढे करून घेऊ नका. 'बांबूचं कापड' म्हणून मिळतं ते बहुतेक व्हिस्कोसच असतं, बांबूच्या लगद्यापासून केलेलं. व्हिस्कोसला कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन लागतं. लायोसेल हे लगद्यापासूनच होणारं कापड त्यापेक्षा बरं, त्यातला द्रावक जवळजवळ पूर्ण परत मिळवतात.

नैसर्गिक रंगांबद्दल लोकांना फार प्रेम असतं, मलाही आहे. पण नैसर्गिक म्हणजे कमी पाणी असं नाही. रंग धरून ठेवायला तुरटीचं मॉर्डंट, पुन्हापुन्हा धुणं, हे सगळं आलंच. कच्छच्या धमडका गावातली नदी आटली आणि २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं, तेव्हा अजरख या ठशांच्या छपाईच्या कारागिरांनी पाणी शोधत अजरखपूर हे नवं गावच वसवलं. ज्या कलेला गाव सोडावं लागतं ती पाण्यावरच उभी असते.

पाण्याच्या दृष्टीने मला सगळ्यात आवडणारं कापड फारसं दिमाखदार नाही. पानिपत आणि तिरुपूरला कटिंगच्या चिंध्या आणि जुने कपडे आधी रंगानुसार वेगळे काढतात, मग पिंजून त्यांचं सूत करतात. निळ्या चिंध्यांचं निळं सूत. पुन्हा रंगवायचं कामच नाही, ना शेत ना मीठ. तंतू आखूड होतो, त्यामुळे बारीक कापड होत नाही. पण चादर, सतरंजी, जाड टी-शर्ट, पिशवी उत्तम होते. आपल्याकडे भांडी देऊन जुने कपडे नेणारी बोहारीण हीच निवड करत आली, फक्त तिच्या धंद्याला कोणी 'सर्क्युलर' म्हटलं नाही. एक मात्र झालं: सुती नऊवारींची गोधडी होत होती, सिंथेटिक साड्यांची गोधडी शिवली तर ती घसरते आणि थंडीत ऊबही देत नाही.

जीन्सबद्दल दोन वाक्यं. लिव्हाईजने २०१५ मध्ये त्यांच्या ५०१ जीन्सचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशोब जाहीर केला: ३,७८१ लिटर, त्यातले ६८ टक्के कापसाचे आणि २३ टक्के गिऱ्हाइकाच्या घरच्या धुण्याचे. विटकी, घासलेली, डागाळलेली जीन्स म्हणजे नव्या कपड्याला जुनं करण्यासाठी केलेलं वेगळं धुलाईखातं; गडद साधी जीन्स घ्या, ती तुमच्या अंगावर आपोआप विटते.

लेबलांचं आता सांगतो. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे तयार कपड्यात तुमच्या त्वचेला घातक असं काही मर्यादेपेक्षा जास्त नाही. कारखान्याने नदीत काय सोडलं याबद्दल ते गप्प आहे. ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड म्हणजे त्यात सेंद्रिय तंतू आहे, तो कसा रंगवला ते नाही. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड) मात्र तंतूबरोबर रंग, रसायनं आणि सांडपाणीही तपासतं, म्हणून तिघांत मी त्याला वरचा क्रम देतो. पण तेही काही दगडावरची रेघ नाही. २०२० मध्ये भारतातल्या सुमारे २० हजार टन कापसाची जीओटीएस प्रमाणपत्रं खोट्या कागदांवर मिळवल्याचं त्या संस्थेनेच जाहीर केलं आणि संबंधित कंपन्यांवर बंदी घातली. नुसतं 'इको', 'कॉन्शस', 'ग्रीन' असं लिहिलं असेल आणि खाली प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल, तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

दुकानात काय बघायचं? ओल्या पांढऱ्या रुमालाने आतल्या शिवणीवर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर समजा, मेलेला रंग धुवायचं पाणी कारखान्याने वाचवलं आणि ते काम तुमच्या बादलीवर ढकललं. मग बाजूची शिवण बघा; ती पोटाकडे वळलेली असेल तर कापड नीट सेट केलेलं नाही, दोन-तीन धुण्यांत आणखी वळेल आणि शर्ट घरी घालायचा होऊन बसेल. रंगांत पांढरा, कोरा, फिका हे पाण्याला हलके; काळा, गडद निळा, लाल, फिरोजी जड. तरी पाच वर्षं वापराल असा काळा शर्ट आणि तीनदा घालून कपाटात जाणारा फिका शर्ट, यांत मी काळाच घेईन. वापर दुप्पट झाला की शेतातलं, रंगखात्यातलं सगळंच दर वापरामागे निम्मं होतं. एवढी ताकद कुठल्याही यंत्रात नाही.

घरच्या धुण्याचा हिशोबही करून बघा. वरून कपडे घालायचं मशीन एका धुण्याला शंभर लिटरच्या पुढे सहज जातं, समोरून घालायचं साधारण त्याच्या निम्म्यात भागवतं. शर्टच्या वाट्याला प्रत्येक वेळी दोन-तीन लिटर धरले तरी पन्नास धुण्यांत शंभर-दीडशे लिटर झाले, म्हणजे रंगखात्यातल्या वीस लिटरच्या कितीतरी पट. हे पाणी रंगखात्यातल्याइतकं खारट नसतं, त्यामुळे ते फरशीला चालतं. मशीन भरल्याशिवाय लावू नका, गडद कपडे उलटे करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.

एकट्याने शर्ट निवडण्यापेक्षा मोठी संधी मिळते ती गणवेश ठरवणाऱ्यांना. शाळेची समिती असो, कारखाना असो, हॉस्पिटल असो. तिथे एकाच शेडचे हजारो मीटर लागतात आणि तीच शेड दरवर्षी लागते. म्हणजे फॅशनच्या नेमकं उलट. अशा ऑर्डरला कोल्ड पॅड बॅच अगदी परवडतं. पॉलिएस्टर-व्हिस्कोसचा गणवेश असेल तर त्याहून सोपी गोष्ट आहे: डोप-डाईड तंतू, ज्यात तंतू काढतानाच रंग मिसळलेला असतो आणि नंतर रंगवावं लागत नाही. कोटेशन मागवताना तेवढी एक ओळ घाला, कापड डोप-डाईड तंतूचं हवं आणि सुती असेल तर मीठ न वापरता रंगवलेलं हवं. पुरवठादार आधी "साहेब, नेहमीचंच घ्या" म्हणेल. दुसऱ्या पुरवठादाराकडूनही भाव मागवा. एवढ्या मोठ्या ऑर्डरसाठी दोघांतला एक जण तयार होतोच, आणि डोप-डाईड गणवेश उन्हापावसात विटतही कमी.